अर्ध्या छपराखालचं लग्न

पनवेलचं आमचं जुनं चर्च, घरात आम्ही त्याला देऊळच म्हणतो, म्हणजे एक बैठी कौलारू इमारत. चुन्याच्या हातभर जाड भिंती, कमानीच्या खिडक्या, वर कौलं पेलणाऱ्या सागवानी कैच्या आणि दारावर एवढीशी घंटा. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की जिवाला बरं वाटायचं. पण आजूबाजूचे कामोठे, करंजाडे वाढत गेले, रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, निम्मी माणसं अंगणात उन्हात उभी राहायला लागली. शेवटी ठरलं, ईस्टर झाला की कौलं उतरवायची आणि नवं बांधायचं.

सासूबाईंनी मात्र एकच धरून ठेवलं. "माजं लगीन याच छपराखाली लागलं. नातीचंबी इथंच लागंल. मंग काय पाडायचं ते पाडा."

लेकीचं जमलं होतं कामोठ्यातल्या एका हिंदू मुलाशी. व्याह्यांनी पंचांग बघून मार्चमधला मुहूर्त सुचवला आणि आमच्या ह्यांनी, जन्मभर चर्चच्या कमिटीवर मिरवलेल्या या गृहस्थांनी, "उत्तम!" म्हणून पेढा तोंडात टाकला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आपल्यात लग्नं लागत नाहीत, हे फादरांनी सांगेपर्यंत यांच्या ध्यानीमनी नाही! मी अशी भडकले की विचारू नका. व्याहीच बिचारे समजूतदार. म्हणाले, "म्हणजे तुमचा चातुर्मासच की! काढू पुढची तारीख."

पुढची म्हणजे ईस्टरनंतरची. ती कॉन्ट्रॅक्टरला कळवायची राहिली आणि तो निघाला वक्तशीर! असली माणसं नको तेव्हाच बरी भेटतात. लग्नाच्या आदल्या दिवशी फुलं लावायला गेलो तर वेदीवरची कौलं गायब, वासे उघडे. फादर म्हणाले, हॉलमध्ये लावू या. माझं तर अवसानच गळालं. सासूबाई तेवढ्या ढिम्म. "अर्धं छप्पर हाय ना अजून? मंग झालं."

आमच्या नेहमीच्या कोळीण मावशी उरणहून लग्नाची मासळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि पदर खोचला. "एवडंच ना? पोरांना सांगते, होडीवरची ताडपत्री आनतील."

आणली, बांधलीसुद्धा. ताडपत्री निळी, म्हणून फोटोत नवरानवरी निळी, फादर निळे. सुकटीचा वास तर विचारूच नका. अंगठ्या घातल्या तशा व्याह्यांकडच्यांनी धडाधड अक्षता टाकल्या. फादर हसत हसत पुस्तकावरच्या झटकत राहिले.

अंगणात जेवणं चालू असताना कॉन्ट्रॅक्टर फाटकाशी घुटमळताना दिसला. सासूबाई काठी टेकत त्याच्याकडे निघाल्या. म्हटलं, आता याची काही धडगत नाही. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ताट वाढायला सांगितलं.

"आदी पोटभर जेव," त्या म्हणाल्या. "मंग बाकीची कौलं उतरव. पन हलक्या हातानं हां. आमच्या मालकांनी चढवलेली हायत ती."

सकाळपासून डोळ्यातून एक टिपूस न काढलेली मी तिथे, वाढपाची पळी हातात घेऊन, ढसाढसा रडले.