मुदतीच्या तापातला भात

मुलीने भात मागणं सोडलं, तेव्हा मी घाबरले. तोवर ती सारखी मागायची आणि मी नाही म्हणायचे. आता ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, होता. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहायचो. ह्या तापात पोटात दाणा जाऊ द्यायचा नाही, अशी तेव्हा रीत. आतडं नाजूक होतं, फाटतं, असं सासूबाई सांगायच्या. त्यांचा एक मुलगा ह्याच तापात गेला होता.

त्याच घरात, पडद्याआड, माझे यजमान क्षयाने पडून होते. त्यांचं उलटं. रोज सकाळी कंपाउंडर स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देऊन जायचा आणि दूध, लोणी, अंडी खायला घाला म्हणायचा. अंडं मी बाहेर शेगडीवर उकडायचे. एकाला खा खा म्हणायचं, दुसरीला उपाशी ठेवायचं. शेजारणी आमच्या दारावरून पदर नाकाला लावून जायच्या.

उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी डॉक्टर आला. त्याने नव्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या. म्हणाला, "बुखार तो इससे उतरेगा. पर बच्ची को भूखा मारोगी क्या, बहन? नरम चावल खिलाओ."

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या घरात मेलंय का कोणी ह्या तापात?"

"मला काय ठाऊक."

"मग आधी विचारायचं होतंस."

पडद्याआडून हे म्हणाले, "आई, देऊ दे तिला."

"तू गप. तू खातोयस तेवढं पुरे."

मी भात मऊ शिजवून ताकात कालवला. सासूबाईंनी पिशवी भरली. "मी बदलापूरला भावाकडे चालले. पुन्हा ते बघायचं नाही मला." मी त्यांना अडवलं नाही.

पहिला घास मुलीने थुंकला. दुसरा गिळला. मग मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. फाटलं तर हाताला कळेल, असं वाटत होतं. कळून तरी हाक कोणाला मारणार होते?

"खाल्लं का?" ह्यांनी विचारलं.

"खाल्लं."

"आता?"

"आता बघायचं."

ताप हळूहळू उतरला. सासूबाई परत आल्या आणि स्वतः तिला भात भरवायला लागल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. ह्यांना इंजेक्शनं आधी मानवली, अंगावर मांसही चढलं. पुढे ती लागू पडेनाशी झाली.

मुलगी जगली. हे गेले.