मोजणाऱ्या बाईला काही सांगायचं नाही

माझं तोंड लहानपणापासून तिखट. आई वैतागून म्हणायची, “तुन्हं तोंड म्हणजे मिरचीना ठेचा शे.” ते तोंड सासरी नडलं, नोकरीत नडलं, ते सगळं मी हसण्यावारी नेलं. पण डोंगरात, मोलगी गावाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर ते एका माणसाच्या जिवावर बेतलं. ते काही केल्या विसरता येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. तेव्हा एका संशोधनावर कामाला होते. मणक्याला मार बसून पाय गेलेल्या माणसांना घरीच व्यायाम दिला तर ती किती सावरतात, हे बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले. एका गटाच्या घरी दर आठवड्याला आमचा माणूस जायचा, व्यायाम घ्यायचा, पाठ-कंबर उघडून तपासायचा. दुसऱ्या गटाला नेहमीचा सल्ला आणि चित्रांची एक पुस्तिका. माझं काम फक्त मोजायचं. दर तीन महिन्यांनी जाऊन हातात जोर किती आला, टेकू न घेता किती वेळ बसता येतं, खाटेवरून खाली उतरता येतं का, ते लिहायचं. कोण कुठल्या गटात आहे हे मला कळता कामा नये, कारण कळलं की माणूस नकळत दोन गुण इकडचे तिकडे करतो. म्हणून प्रत्येक घरात मी आधी दम भरायचे, “कोण येतं, काय करतं, मला काही सांगायचं नाही. मी विचारेन तेवढंच बोलायचं.”

त्या पाड्यावरचा हा माणूस चाळिशीतला. आमचूरसाठी कैऱ्या उतरवताना आंब्यावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चिमटा काढला तरी कळायचं नाही. घरात तो, बायको आणि चार शेळ्या. घरची बोली पावरी, पण बायकोला मराठी बरं यायचं. पाड्याच्या कारभाऱ्यासमोर, चार माणसांच्या देखत त्याने संमतीच्या कागदावर अंगठा दिला आणि मोजणाऱ्या बाईला काही सांगायचं नाही, हेही कबूल केलं. आमच्या सपाटीवरचे लोक सही करून दुसऱ्या दिवशी विसरतात. इथे चार माणसांत दिलेला शब्द म्हणजे शब्द. मला तेव्हा त्याचं कोण कौतुक! असे लोक मिळाले तर संशोधन कसं चोख होईल, असं मी ऑफिसात सांगत सुटले होते.

त्याला एकच गोष्ट हवी होती. मोलगीच्या बाजारात आपलं आमचूर घेऊन दिवसभर बसायचं. उभं राहायचं नाव त्याने कधी काढलं नाही. “बसता आलं तरी पुरे, बाई,” म्हणायचा.

तीन महिन्यांनी गेले तर गडी ताठ बसलेला. मी घड्याळ लावून कंटाळले, तो हलेना. “काय दादा, आता मलाच खाट द्या आडवं व्हायला!” म्हटलं. तो खूप हसला. बायको म्हणाली, दिवस उजाडल्यापासून बसूनच असतात. मी तिला लगेच गप्प केलं, पण मनातून खूष झाले होते.

सहा महिन्यांनी गेले तेव्हा तो एका अंगावर कलून बसला होता. चेहरा उतरलेला. घरात वास होता. शेळ्या आत बांधलेल्या, मी तो वास त्यांच्या माथी मारला. आजही स्वतःचा संताप येतो. कॉलेजात पहिल्या वर्षापासून शिकलेली गोष्ट, आणि नाकाखाली असून कळली नाही! मी फीत काढली, कागद काढला. बायको जवळ आली आणि म्हणाली, “बाई, यांच्या खाली…”

मी हात वर केला. “ए, नको सांगू! किती वेळा बजावायचं? सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवशील!”

तो तिला त्यांच्या बोलीत हळू काहीतरी म्हणाला, आणि तिने त्याच्या मांडीवरची गोधडी नीट केली. मोजलं, तर टेकू न घेता तो पूर्ण वेळ बसला. कागदाच्या शेवटी एक ओळ असते, इतर तक्रार. मी विचारलं. “काही नाही,” तो म्हणाला. मी ‘नाही’ लिहिलं आणि निघाले. मध्ये ऑफिसातून फोन करून तब्येत विचारायची पद्धत होती, पण त्या पाड्यावर रेंज नाही. त्याच्या नावापुढे प्रत्येक वेळी ‘संपर्क झाला नाही’ असंच लिहिलेलं होतं.

नवव्या महिन्यात गेले तर खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. बायको दारात बसली होती. मला काय ते समजलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

“आता सांगू?” तिने विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. आधी बुडाला लाल डाग पडला. तिने हळद लावली. डाग फुटला, मग बोट आत जाईल एवढी जखम झाली, मग हाड दिसायला लागलं. त्याला दुखतच नव्हतं, त्यामुळे तो बसायचा थांबला नाही. पुस्तिकेत बुडावरचा दाब सुटावा म्हणून चाकाच्या खुर्चीच्या दांड्या धरून मध्येमध्ये अंग उचलून धरणारा माणूस काढला होता. यांच्याकडे खुर्चीच नाही, म्हणून ते पान आपल्यासाठी नाही असं दोघांनी धरलं. तो पुस्तिकेच्या गटातला होता, त्याची कंबर बघायला कुणी येतच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. शेवटी ताप उतरेना, तेव्हा बांबूच्या झोळीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने दवाखान्यात. विष रक्तात गेलं होतं. तीन दिवसांत गेला.

“मग मला का नाही सांगितलं?” मी विचारलं. विचारलं आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली.

“ते म्हणाले, शब्द दिलाय. आणि तुम्ही रागावून यायच्या बंद झाल्या तर मोजणार कोण?”

मी तिथेच रडले. तिने पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. मग भीतभीत विचारलं, “बाई, आम्ही काही बोललो नाही. तुमचं काम बिघडलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

आणि खरंच बिघडलं नव्हतं. त्याचे सहा महिन्यांपर्यंतचे आकडे आमच्या तक्त्यात आहेत. बसण्याच्या रकान्यात तो चांगल्यांत धरला जातो.