गोपालच्या नावाची मूठ

राघोला हळू बोलता येत नसे. सुरतेत कापडाच्या लूमवर वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ते जमतही नाही. कारखान्यात मशिनं सुरू झाली की शेजारच्याकडे पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं. बाप वारल्यावर तो शेती बघायला शिंदखेड्याकडच्या गावी परतला. तिथल्या लिंबायत भागातली खोली आणि लूमवरची जागा त्याने धाकट्या भावाच्या, गोपालच्या हवाली केली. आवाज मात्र सोबत घेऊन आला. त्याने शेतातून हाक मारली की तीन बांधांपलीकडची माणसं "ओ" द्यायची. बायको रुक्मिणी म्हणायची, "अहो, लूम कधीचे सुटले. आता तरी माणसासारखं बोला."

त्या शनिवारी मात्र सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत तो तोंड मिटून बसला होता. समोर त्याची आई, सुभद्राबाई. तिच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ होता, घराण्याची देवी कानबाई. पायाशी रुक्मिणीने सांभाळून आणलेली घरच्या गव्हाची पिशवी. नागपंचमी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी कानबाईचा रविवार होता. दरवर्षी या दिवसांत गाड्या सुरतेहून खानदेशाकडे भरभरून येतात. गोपालही बायको-मुलीला घेऊन यायचा. यंदा ही तिघं उलट्या दिशेने निघाली होती.

कारण गोपाल सापडत नव्हता. जूनच्या अखेरीस सुरतेत खाडीला पूर आला, तेव्हा रात्रपाळी सुटून तो घरी निघाला होता. खाडीच्या पुलाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, त्याला कुणीतरी शेवटचं पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही. घरात कुणी गेलं की त्या वर्षी त्यांच्याकडे कानबाई बसत नसे. म्हणूनच सुभद्राबाई हट्टाला पेटली होती. यंदा कानबाई बसवायची, आणि तीही गोपालच्याच घरी.

"मना पोऱ्या जित्ता शे," ती डब्यातल्या अनोळखी बायकांनाही सांगत होती. "जित्ता माणूसना घर कानबाई बठसच."

राघो खिडकीबाहेर बघत राहिला. बारडोली गेलं. आईला जे ठाऊक नव्हतं ते त्याला ठाऊक होतं.

पुरानंतर चार-पाच दिवसांनी तोच धावत सुरतेला आला होता. सरकारी दवाखान्यात खाडीतून काढलेलं एक प्रेत होतं. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. पण पोलिसाने चादर कमरेपर्यंत सरकवली आणि राघोला काळा करदोडा दिसला. त्यात ओवलेलं तांब्याचं वेढं दिसलं. बापाच्या जुन्या कड्याची दोन वेढी आईने करून घेतली होती, दोन मुलांसाठी दोन. दर कानबाईला ती नवा करदोडा वळून त्यात तीच वेढी ओवायची. दुसरं वेढं त्या क्षणी राघोच्या स्वतःच्या कमरेला टोचत होतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई होती. "भाऊ, तो आपला गोपाल नही ना?"

"नही माय," राघो म्हणाला. "आपला गोपाल नही."

आईला दुसरं काय सांगणार होता तो, फोनवर, त्या खोलीत उभा राहून? घरी गेल्यावर समोर बसून सांगू, एवढंच त्याच्या मनात होतं. पण आवाज लूमवरचा. तो खोलीभर घुमला, दाराबाहेरच्या शिपायानेही ऐकला. पोलिसाने विचारलं, "नथी ने? लखी नाखूं?" नाही ना, लिहून टाकू? आईचा फोन अजून चालू होता. राघोने होकाराची मान हलवली.

पुढे त्या प्रेताला बेवारस म्हणून अग्नी दिला गेला. गावी पोहोचल्यावर राघोने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आई देवापुढे बसलेली होती.

उधना स्टेशनला उतरून त्यांनी रिक्षा केली. रिक्षावाला बोलका होता. "पर्वत पाटियाची बाजू बघायची होती काका! दुकानात पाणी, घरात पाणी, हॉस्पिटलात पाणी." वाटेत एका दुकानाच्या कठड्यावर रंग उतरलेल्या साड्या वाळत घातल्या होत्या, लाल रंग पिवळ्यात फुटलेला. रस्त्याकडेला फुगलेली लाकडी कपाटं अजून पडून होती. पालिकेची माणसं गटारात पावडर मारत होती. एका घरात नवीन लादी बसत होती, त्याच्या शेजारच्या घराला नुसतं कुलूप होतं.

गल्लीच्या तोंडाशी मंगलाबाई शेजारीण साड्यांचे धागे कापत बसली होती. तिची जीभ पुरातही भिजली नव्हती. "आली का मंडळी सुरत फिरायला? उशीर केला राघोभाऊ. जूनमध्ये आला असता तर नावेतून फिरवलं असतं."

"अन् तुझं ओझं बघून नाववाल्याने नकोच म्हटलं असतं," रुक्मिणी म्हणाली. दोघी हसल्या, आणि गोपालच्या दाराकडे नजर जाताच मंगलाबाईने मान खाली घालून पुन्हा कात्री चालवायला घेतली.

दार उघडंच होतं. गोपालची बायको उज्ज्वला पाया पडली. कपाळावर कुंकू होतं, पण पूर्वीपेक्षा बारीक. कुणी विचारलं तर आहे म्हणता यावं, नाहीतर दिसू नये, इतकं. भिंतीला चुना दिला होता. त्याखालून छातीएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ पुन्हा वर आली होती. तिची शाळेत जाणारी मुलगी मयुरी आजीला बिलगली. बाहेर कुणाची चप्पल वाजली तशी ती झटकन दारात गेली आणि परत आली. तिची ती सवय झालेली दिसत होती.

"दाराला कडी नाही का?" राघोने विचारलं.

"आहे," उज्ज्वला म्हणाली. "लावत नाही. रात्री-बेरात्री आले तर."

चहा झाल्यावर राघो कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊन सांगून आला. कानबाईचे गहू दळायचे तर गिरणी धुवून घ्यावी लागते. गिरणीवाला वर्षानुवर्षं खानदेशी लोकांत राहिलेला, त्याला समजवावं लागलं नाही. "धुवूनच ठेवलीय. दुसऱ्या घरांचे गहू चालू आहेत. दिवेलागणीपर्यंत तुमचे आणा," तो म्हणाला.

परत येताना उज्ज्वला नळावर भेटली. घागर भरली होती तरी ती उचलत नव्हती.

"दादा, एक विचारू? आईंसमोर विचारता येत नाही."

"विचार."

"मी यांची वाट बघू, का नको? बघ म्हणालात तर बघेन. दहा वर्षं बघेन. पण मयुरी झोपेतून उठून दारात जाऊन बसते. तुम्ही दवाखान्यात जाऊन आलात, तेव्हापासून तुम्ही माझ्याकडे नीट बघितलेलं नाही. आत्तासुद्धा घागरीकडे बघताय."

राघोने वर बघितलं. बोलायला गेला, पण नळावर दोन बायका आल्या. आपल्या आवाजात बोललो तर साऱ्या गल्लीला कळेल, असं त्याच्या मनात आलं. "घरी चल," एवढंच तो म्हणाला.

घरी आईने तयारी केली होती. पाटावर नारळ मांडला होता, त्याला नथ लावली होती, पुढे पितळी परात. रोटाचे गहू मोजायचं काम कर्त्या पुरुषाचं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. त्याच पिठाचे नैवेद्याचे रोट होतात, आणि ते घरच्याच माणसांनी खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही.

राघो हातपाय धुऊन बसला. पहिली सव्वा मूठ त्याने स्वतःच्या नावाने टाकली. दुसरी मुलाच्या, वैभवच्या. तो पुण्याला नोकरीवर होता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मग हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला.

"गोपालनी," आई म्हणाली.

राघोने मूठ भरली. गहू बोटांत टोचत होते.

"टाक ना भाऊ. वैभव तरी कोठे शे आठे? त्यानी टाकीच ना? तशीच गोपालनी."

आईचं म्हणणं बरोबर होतं. जो लांब आहे त्याचीही मूठ पडते. फक्त मेलेल्याची पडत नाही. उज्ज्वला दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या हाताकडे बघत होती, आणि मयुरी आईकडे. ही मूठ एकदा परातीत पडली की पुढच्या वर्षीही टाकावी लागेल, त्याच्या पुढच्याही. तोवर हे दार असंच उघडं राहील.

त्याने मूठ पिशवीतच सोडली. रिकामा हात बाहेर काढला.

"माय," तो म्हणाला, इतक्या हळू की रुक्मिणीही दचकली. "त्याना कंबरले करदोडा व्हता. तांबानं वेढं व्हतं. मी पाह्यं."

सुभद्राबाईने विचारलं, "फोनवर तू नही म्हणना व्हता."

"तुले कसं सांगू? तेच त्या पोलिसनी ऐकं, अन् लिखी टाकं."

"त्याले अग्नी कोनी दिन्हा?"

राघोला ते ठाऊक नव्हतं.

"मी दीड महिना देवपाशी काय मांगत व्हतू रे?" ती म्हणाली. रडली नाही. तिने परातीतले गहू ओंजळीने उचलून परत पिशवीत भरले. मग नारळाची नथ काढली आणि लाल फडकं पसरून त्यात नारळ ठेवला. गाठ तिला मारता येईना. रुक्मिणी पुढे झाली, तर सुभद्राबाईने तिचा हात बाजूला सारला आणि स्वतःच मारली.

मयुरीने घाबरून विचारलं, "शुं थयुं, मम्मी? पप्पांचं काय?"

उज्ज्वलाने तिला जवळ ओढलं. मग मागे हात नेऊन दार लावून घेतलं आणि कडी घातली. गंज चढल्यामुळे ती दोन वेळा ढकलावी लागली. तेव्हा कुठे ती रडू लागली, आणि तिला बघून पोर.

राघो भिंतीशी बसून राहिला. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जायचं, तेव्हा जे सांगितलं ते खोटं होतं म्हणून सांगायचं, प्रेताचे फोटो आणि ते वेढं अजून ठेवलं असेल तर बघायचं, हे तो मनाशी जुळवत होता. थोड्या वेळाने आई भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"गिरणीवाला वाट पाही ऱ्हायना व्हई. जाय, त्याले सांगी ये."

राघो उठला. गिरणीत गर्दी होती. कानबाईच्या गव्हाच्या पिशव्या रांगेत लावलेल्या, बायका गप्पा मारत उभ्या, जातं घरघरत होतं. त्याला रिकाम्या हाताने आलेला बघून गिरणीवाला म्हणाला, "गहू कुठायत?"

"आमचे येणार नाहीत," राघो म्हणाला.

"काय? ऐकू येत नाही. जोरात बोला!"

राघोने पुन्हा सांगितलं. गिरणीवाल्याने कानामागे हात धरला. "अहो राघोभाऊ, तुमचा आवाज कुठं गेला आज?"

"आमचा गोपाल गेला!" राघो ओरडला. "पुरात गेला! मी बघितलंय त्याला! आमच्याकडे कानबाई नाही!"

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. गिरणीवाल्याने बटण दाबलं, पट्टा फिरत फिरत थांबला. कोपऱ्यापलीकडच्या दारात मंगलाबाई हातातली कात्री तशीच धरून उभी राहिली होती. तिनेही ऐकलं होतं.