हाताखालचा फरिश्ता

आबांनी पाणी सोडलं तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. डॉक्टर घरी येऊन गेले, सलाईनसाठी शीर शोधून थकले आणि म्हणाले, "तोंडानंच पाजा. पाणी गेलं नाही तर अवघड आहे." मी वाटी-चमचा घेऊन बसायचे. आबा दात घट्ट मिटून घ्यायचे.

"माझं दाणापाणी संपलंय," ते सांगायचे. "मिकाईलचा हुकूम आलाय. उगं कशाला पाजायलीस?"

हा मिकाईल आमच्या घरात नवा नव्हता. आबा निजामाच्या काळात मानवतला उर्दू शिकले. मौलवीसाहेबांनी अलिफ-बेबरोबर फरिश्तेही शिकवले, आणि पुढं उभी हयात तहसिलीत चपराशी म्हणून गेल्यामुळं कोण कुणाच्या वर हे आबांच्या डोक्यात पक्कं बसलं. आम्ही लहान असताना ते जेवताना सांगत. वर चार मोठे. जिब्राईल निरोप आणतो, मिकाईल पाऊस आणि अन्नपाणी बघतो, इज्राईल जीव न्यायला येतो, आणि इस्राफील कर्णा घेऊन शेवटच्या दिवसाची वाट बघत उभा. त्यांच्या खाली आपल्या खांद्यांवरचे दोघे. उजवा पुण्य लिहितो, डावा पाप, आणि उजवा हा डाव्याचा साहेब. डाव्यानं लेखणी उचलली की उजवा म्हणतो, थांब जरा, माफी मागंल तो. आई चिडायची, "आपल्यात काय यमदूत न्हाईत व्हय?" आबा म्हणायचे, "हायत की. पण ते निस्ते फौजदार. हितं खाती हायत, खाती!"

आता आई नव्हती आणि आबांना मी ओळखू येत नव्हते. पोटची पोर पुसली गेली आणि फरिश्ते मात्र जागच्या जागी. खरं सांगते, मला त्या फरिश्त्यांचा राग यायचा.

शेवटी शेजारच्या चाचींना गळ घातली. मिकाईलनं हुकूम फिरवला, एवढं तुमच्या तोंडून सांगा. त्यांनी कानाला हात लावले. "तौबा, बाई! फरिश्त्याँ के नाम पे झूट नक्को बोलने लगाव." आबांच्या उशाशी बसून त्यांनी दुआ मागितली आणि डोळे पुसत घरी गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण माझी वाटी तशीच भरलेली होती.

मग मीच लाज सोडली. दुपारी डोक्यावर पदर घेतला आणि आबांच्या खाटेसमोर जाऊन उभी राहिले. "मिकाईलकडून आलेय. पाणी प्यायचा हुकूम झालाय."

आबांनी मला खालून वर न्याहाळलं. "मोठ्यांतले का हाताखालचे?"

मोठी म्हणायला जीभ रेटेना. "हाताखालची."

"आन मी न्हाई पेलो तर?"

न प्याल्यावर काय होणार ते मला ठाऊक होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. चमच्यातलं पाणी चादरीवर सांडलं आणि मला रडू फुटलं.

आबांचा चेहरा एकदम उतरला. साहेबांची बोलणी खाऊनच म्हातारा झालेला माणूस तो. गावात कुणी नोटीस घेतली नाही तरी शिव्या चपराशालाच बसायच्या.

"रडू नका," ते हळूच म्हणाले. "तुमाला वर बोलणी बसतील. आणा इकडं."

आणि ते प्याले. लेक म्हणून मी किती हातापाया पडले होते, तेव्हा हे तोंड उघडलं नव्हतं. आता एका परक्या ताबेदाराची दया येऊन ते घोटाघोटानं पाणी गिळत होते, आणि मी पाजत होते.

थोड्या वेळानं त्यांनी चमचा हातानं बाजूला सारला.

"बास. आता जावा. साहेबाला सांगा, माणूस पेला म्हणून. पण उद्याला दुसऱ्या कुणाला तरी धाडा म्हणाव. तुमचे हाल बघवंनात."

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. दुसरं कुणी नव्हतंच.