आईने घातलेली जपानी प्रदक्षिणा

होनोलुलूच्या त्या जुन्या शिंतो मंदिरात गेल्या उन्हाळ्यापर्यंत प्रदक्षिणेची पद्धत नव्हती.

तिथे गाइडचं काम मिळावं म्हणून त्या दिवशी माझी ट्रायल होती. पाहुण्यांना मंदिर आणि बाग दाखवायची, शेवटी मॅनेजरबाई येऊन बघणार. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आई-बाबा मिशिगनमधल्या ट्रॉयहून (बेसनाच्या लाडवांसकट) खास आले होते.

"आई, प्लीज, ओळख दाखवू नकोस."

"नाही दाखवत," म्हणत तिने माझी कॉलर नीट केली.

दाराशी पाण्याचं दगडी कुंड होतं. "बांबूच्या पळीने हात धुवा, चूळ भरा, पाणी बाजूला टाका," मी म्हणालो. पण इतक्या हळू, की ते बहुधा कुंडालाच ऐकू आलं. पाहुणे सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या आईकडे बघू लागले. तिने तळहातावर पाणी घेतलं, डोळे मिटून पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"आई, ते थुंकायचं असतं!"

"तीर्थ थुंकतात का रे? हेच शिकवतात कॉलेजात?"

तोवर सगळ्यांनी तीर्थ घेतलं होतं. टेक्सासच्या एका आजोबांनी तर दोनदा.

मंदिराभोवती पांढरी खडी होती, दाताळ्याने लाटांसारख्या रेघा ओढलेली. 'इथे कोणीही पाऊल ठेवत नाही' हे माझं सगळ्यात पाठ वाक्य. ते ओठांवर येईतो आई चपला काढून, हात जोडून त्याच खडीवरून निघाली. मागे सगळा ग्रुप, अनवाणी.

"बाबा, थांबवा ना तिला."

"लग्नापासून प्रयत्न करतोय. तू शिकलेला, तू बघ."

मी धावलो. वळणावर आईने न थांबता तिची पर्स माझ्या गळ्यात अडकवली. "धर जरा, नमस्कार नीट होत नाहीये."

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. "तुमचा गाइड कोण?"

सगळ्यांनी आईकडे बोट दाखवलं. (घाबरून मीसुद्धा.)

काम मिळालं मला, पण गाइडचं नाही. रोज सकाळी दाताळं घेऊन खडीवर पुन्हा रेघा ओढायच्या. आई मात्र ट्रॉयमधल्या सगळ्या मावश्यांना फोनवर अभिमानाने सांगते, "जपानी देवळापुढे रोज रांगोळी काढतो. त्यासाठी कॉलेज करावं लागतं, बाई."