बारा काठ्या, अकरा माणसं

त्याला सगळे काठीमामा म्हणायचे. खरं नाव लॉजच्या मॅनेजरच्या कपाटातल्या कुठल्याशा कागदावर असेल, पण ते काढून बघायची वेळ कुणावर आली नव्हती. सव्वीस वर्षं हा माणूस एकच काम करत आला. बेटावर सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना होडीतून मागच्या किनाऱ्यावर न्यायचं, तिथून जंगलातल्या पायवाटेनं धबधब्यापर्यंत चढवायचं, त्यांच्या अंघोळी आणि फोटो उरकू द्यायचे, आणि जेवढी माणसं नेली तेवढी परत आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पाहुणा म्हणजे काय चीज असते ते ज्यानं सांभाळलंय त्यालाच विचारा. एक फुलपाखरामागे धावतो, दुसरा चपला हातात घेऊन चिखलात उतरतो, आणि तिसऱ्याला नेमकं अर्ध्या वाटेवर आठवतं की गॉगल वरच राहिला.

म्हणून चार वर्षांपूर्वी मामानं काठ्यांची पद्धत काढली. जंगलाच्या तोंडाशी भोकं पाडलेली एक लाकडी फळी बसवली. चढताना प्रत्येकाच्या हातात एक काठी द्यायची, उतरल्यावर ज्यानंत्यानं ती फळीच्या भोकात परत खोचायची. डोकी मोजायची नाहीत, काठ्या मोजायच्या. डोकी हलतात, काठ्या हलत नाहीत, असं तो म्हणायचा आणि पाहुणे हसायचे. मॅनेजर तर या पद्धतीवर इतका खूश, की नव्या वाटाड्यांनाही त्यानं तीच शिकायला लावली होती. चार वर्षांत एक माणूस मागे राहिला नाही.

आता खरं कारण सांगून टाकतो, उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मामाला दिसत नव्हतं. अगदी ठार आंधळा नव्हता तो. नजर रोखली की समोरचं नीट दिसायचं, पण तेवढंच, नळीतून बघावं तसं. कडेचं सगळं गेलं होतं. आणि उजेड जरा उतरला की ती नळीसुद्धा बुजायची. पलीकडच्या शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे असंच कडेकडून आत येत राहणार, याला औषध नाही नि चष्माही नाही. बायको बरोबर होती. परतीच्या बोटीत धक्का जवळ आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की घरात कुणाकुणाला सांगायचं, लेकीला, भावाला. तो म्हणाला, कुणालाच नाही. आणि पुढच्याच आठवड्यात त्यानं काठ्या तोडून आणल्या.

तुम्ही म्हणाल, मग काम सोडायचं ना. म्हणायला काय जातं? हा माणूस चारचौघांत तोंड उघडायला लाजायचा, अर्जावर सही करायची तर चार दिवस टाळायचा. पण जंगलात शिरला की त्याच्या पाठीमागे मोठमोठे साहेब मुकाट चालायचे. त्याच्या आधीचा वाटाड्या गुडघ्यांनी बाद झाला, तेव्हा त्याला फाटकाशी खुर्ची टाकून बसवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा, बस्स. मामाला मरणाची नसेल इतकी त्या खुर्चीची भीती वाटायची. आणि खरं सांगायचं तर वाट त्याच्या पायांना पाठ होती. कुठलं मूळ वर आलंय, कुठला दगड डुगडुगतो, हे तळव्यांना आधी कळायचं. मग डोळे हवेत कशाला, असं तो स्वतःला समजवायचा. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजवू शकतो.

त्या दिवशी बारा पाहुणे होते. अकरा एकाच कचेरीतले, मजा मारायला आलेले, धांगडधिंगा नुसता. बारावी एकटीच आलेली एक म्हातारी शिक्षिका. सगळे तिला बाईच म्हणायला लागले. जन्मभर नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यावर पट्टी टेकवून मुलांना सांगत आले की इथे दाट जंगलं असतात, म्हटलं एकदा खरी आहेत की नाहीत बघून यावं, असं तिनं चढताना मामाला सांगितलं. झाडाझाडाशी थांबून नाव विचारायची, वहीत लिहायची. मामा भलताच खुलला होता. ज्या झाडांना नावं नव्हती त्यांनाही त्यानं दोनतीन नावं देऊन टाकली.

आता ओढ्याचं सांगायला हवं. धबधब्याचं पाणी ज्या ओढ्यातून खाली येतं तो पायवाटेच्या अगदी लगत वाहतो. दिवसभर घोट्याएवढा. पण दुपारनंतर वर डोंगरावर पाऊस पडतो, आणि खाली ऊन असलं तरी संध्याकाळी तोच ओढा बघता बघता छातीएवढा फुगतो. म्हणून साडेचारला सगळ्यांनी खाली यायचं म्हणजे यायचं, त्यात मामानं कधी कुणाचं ऐकलं नाही.

वर धबधब्याशी घडलं ते एवढंसं. कचेरीतल्या एका जाड्या साहेबांचा गुडघा धरला होता. बाईंनी आपली काठी त्यांना देऊन टाकली, दोन काठ्यांवर नीट उतराल म्हणाल्या, आणि ओले कपडे पिळायला एका मोठ्या दगडाआड गेल्या. निघायच्या वेळी मामा नेहमीसारखा सपाट दगडावर उभा राहिला, मान पूर्ण गोल फिरवली, आणि म्हणाला, चला, झाले सगळे. पुढच्यांना वाटलं बाई मागे आहेत, मागच्यांना वाटलं पुढे गेल्या. खाली साहेबांनी दोन्ही काठ्या खोचल्या. मामानं फळीवरून बोटं फिरवली. बारा. होडी सुटली.

धक्क्यावर पाहुणे चहा घेत होते. होडी मामाचा मेहुणा चालवायचा, बायकोचा धाकटा भाऊ. तो होडी धुवायला वाकला आणि फळकुटाखालून एक कापडी पिशवी काढून आला. कुणाची म्हणून विचारलं तर कुणीच हात पुढे करेना. आत चष्म्याचं घर आणि शाळेतलं नकाशांचं पुस्तक. पिशवी बाईंची, आणि बाई कुठेच नव्हत्या. तरी तो म्हणत होता की असं होणार नाही, काठ्या पुऱ्या होत्या, बोटांनी मोजल्यात. तेव्हा जाडे साहेब कप खाली ठेवून म्हणाले की बाईंची काठी तर माझ्याकडे होती, दोन्ही मीच लावल्या.

सव्वापाच झाले होते. मॅनेजरनं बाकीच्या होड्या बोलवायला माणूस पिटाळला, पण त्या दुसऱ्या टोकाला होत्या, तासभर तरी लागणार होता. मामा आणि मेहुणा तसेच परत निघाले. होडीत अर्धा तास दोघंच. मामाच्या मनात तीनदा आलं की सांगून टाकावं. सांगितलं तर हा मला किनाऱ्यावरच बसवेल, आणि याला जंगलातली वाट धड माहीत नाही, मग एकाची दोन माणसं हरवतील. हे खोटं नव्हतं. पण खरंही एवढंच नव्हतं, आणि त्याला ते चांगलं कळत होतं. किनाऱ्यावर अजून सोनेरी ऊन होतं, वाळूवर दुसऱ्या लॉजची मुलं चेंडू खेळत होती. डोंगरमाथा मात्र काळाकुट्ट झाला होता.

झाडांखाली शिरले आणि मामाचे डोळे गेले. नेहमीसारखेच गेले, दिवा मालवल्यासारखे. हातातल्या बॅटरीचा उजेड त्याला पैशाएवढा मळका ठिपका दिसत होता, त्यापलीकडे काही नाही. पाय मात्र चालत होते. मागून मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ओढ्याची बाजू तुमच्या सवयीची आहे. तुम्ही डावीकडे बघत चला, मी उजवीकडे बघतो."

मामा "बरं" म्हणाला.

काय वाटलं असेल त्याला तो शब्द बोलताना? ओढा डावीकडे होता. घसरलेलं माणूस ओढ्याकडेच जाणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी तो बॅटरी डावीकडे फिरवत राहिला, निव्वळ दाखवायला. मेहुणा बाईंना हाका मारत होता आणि ओढ्याच्या आवाजात त्याची हाक चार हातांवर विरत होती. त्या वरच असतील, मामा मनाशी म्हणत होता. शहाण्या आहेत, दगडावर चढून बसल्या असतील, वर पोचलो की मेहुण्याला दिसतीलच. वळण आलं, गेलं. मोठं मूळ आलं, गेलं. प्रत्येक पावलाला त्याच्या डाव्या हाताचा तेवढा काठ मागे पडत होता आणि तो कुणीच बघितलेला नव्हता. सांग, सांग आता, असं तो स्वतःला म्हणायचा आणि आणखी एक पाऊल टाकायचा. त्या खुर्चीसाठी, फाटकाशी बसवलेल्या त्या फालतू खुर्चीच्या भीतीनं तो एका बाईचा जीव पावलापावलानं मागे टाकत होता.

मग त्याच्या पायाला पाणी लागलं. वाटेवर. सव्वीस वर्षांत तिथे कधी पाणी लागलं नव्हतं. तो जागीच थांबला.

"माझ्या बाजूला कोणी बघत नाहीये," तो म्हणाला.

मेहुण्याला कळेना. म्हणजे काय, तुम्ही बघताय ना, असं काहीसं तो म्हणाला.

"मला दिसत नाही. उजेड असला तर समोरचं थोडं, अंधारात काहीच नाही. खालपासून इथपर्यंत डावी बाजू कोणी बघितलेली नाही. पळ मागे."

मेहुण्यानं त्याच्या तोंडावर बॅटरी धरली. कानाजवळून हात हलवून बघितला. मामाची पापणी लवली नाही. मग मेहुणा उलटा फिरला आणि वाटेनं खाली धावत सुटला.

मामा तिथेच राहिला, मिट्ट काळोखात, घोट्यापर्यंत पाण्यात. त्याला मागे धावता येत नव्हतं. आपण आता काही करू शकत नाही, एवढंच त्याला कळत होतं, आणि त्याला ओरडून रडावंसं वाटलं, पण ओरडलं तर मेहुण्याला बाईंचा आवाज ऐकू येणार नाही म्हणून त्यानं तोंडावर हात दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. खालून मेहुण्याची हाक आली, भाऊजी, सापडल्या, लवकर या. तो गुडघ्यांवर बसला आणि मुळं चाचपत आवाजाच्या रोखानं रांगत निघाला.

बाई दगडाआड घसरल्या होत्या, घोटा मोडला होता. खाली उतरता येईल या आशेनं काठाकाठानं दिवसभराची ओळख असलेल्या वाटेकडे सरपटत आल्या होत्या, आणि पाणी वाढलं तेव्हा एका मुळाला मिठी मारून राहिल्या होत्या. पाणी काखेपर्यंत आलं होतं. मामा चिखलात पालथा पडला, त्यानं मेहुण्याचे पाय धरले, मेहुण्यानं खाली झुकून बाईंना ओढलं. दोनदा हात निसटला. तिसऱ्यांदा त्या वर आल्या.

बराच वेळ त्यांचे दात वाजत होते. मग त्या मामाकडे तोंड करून बोलल्या. रागावून नाही. वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं.

"दुपारी तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी दगडाआडून हात केला, हाकही मारली, ती धबधब्याच्या आवाजात बुडाली असेल. तुम्ही मान फिरवलीत नि म्हणालात, चला. आणि आत्ता वर जाताना तुमची बॅटरी माझ्या तोंडावर पडली होती. मला वाटलं, मला सोडायचंच ठरवलंय तुम्ही. का, ते मला समजेना."

मामानं चाचपत त्यांच्या मोडलेल्या घोट्याला आपला पंचा बांधला.

मेहुण्यानं बाईंना पाठुंगळी घेतलं. वाट पाण्याखाली गेली होती, म्हणून मामाच पुढे चालला, तळव्यांनी चाचपत, आणि मेहुणा त्याच्या मागे पाऊल टाकत आला. अर्धी वाट सरली. मग मागून प्रश्न आला, कधीपासून. चार वर्षं झाली, मामा म्हणाला. पुन्हा थोडं अंतर गेलं.

"ताईला माहीत होतं?"

मामानं पुढचं मूळ चाचपलं आणि पाऊल टाकलं. मेहुण्याला उत्तर मिळालं.

"माझी दोन्ही पोरं दर सुट्टीत तुमच्याबरोबर वर यायची," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती, शब्द तुटत होते. "मी होडीवर असायचो. ताई स्वतः त्यांचे डबे भरायची. जा रे, मजा करा म्हणायची. तुमची लेक आली कधी त्यांच्याबरोबर? या चार वर्षांत?"

मामानं आठवून बघितलं. एकदा तिला ताप होता. एकदा परीक्षा. एकदा पाय मुरगळला असं बायको म्हणाली होती, आणि संध्याकाळी पोरगी अंगणात दोरीच्या उड्या मारत होती. पोरीला जंगल आवडत नाही, असं तो धरून चालला होता.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."