सगळ्यात वाईट दिवस सांग

अमेरिकेत, केंटकीतल्या आमच्या गावात कुणाचं मूल गतिमंद असलं, की सरकारी मदतीचा अर्ज भरायला आई आधी लोरेटाबाईंचं दार ठोठावते. बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली. त्यांच्या गतिमंद मुलाचा, डेलचा, पहिला अर्ज त्यांनीच घालवला होता. सरकारी कचेरीतून चौकशीला आलेल्या मुलीला त्यांनी अभिमानाने सांगितलं, "माझा डेल सगळं स्वतःचं स्वतः करतो." तिने तेच लिहून नेलं आणि अर्ज फेटाळला गेला. तेव्हापासून बाई दुसऱ्या कुठल्या आईला ही चूक करू देत नाहीत.

परवा जोडी नावाची एक आई आपल्या अठरा वर्षांच्या मुलाला, क्लेटनला, घेऊन आली, तेव्हा मी तिथेच कॉफी पीत बसले होते. बाईंनी त्याला खुराड्यातली अंडी आणायला पाठवलं, मग पेन उघडलं.

"आंघोळ करतो?"

"करतो की. छान करतो."

"पाणी किती गरम आहे ते कोण बघतं?"

"मी."

"साबण कोण लावतं?"

जोडी खाली बघायला लागली. "मीच."

"मग काय डोंबल करतो? सगळ्यात वाईट दिवस आठव आणि तो सांग."

जोडी रडत रडत सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. शेवटची सही झाली, तेवढ्यात क्लेटन टोपीत अंडी घेऊन दारात उभा राहिला.

"एकपण नाही फुटलं," तो म्हणाला.

बाईंनी अर्ज झटकन पाकिटात घातला. "शाब्बास. आता बस इथे, आणि आईला तुझं कौतुक करू दे. सकाळपासून मी तिला बंदी घातली होती."